पहिल्या प्रसंगाची साक्ष
(द्वितीय वर्ष, कला)

गुन्हेगारी चित्रपटाची सुरुवात कशी असावी, याबद्दल आमच्या वर्गात फारसे मतभेद नाहीत. रात्र असावी, जमल्यास पाऊस असावा, ओल्या रस्त्यावर बुटांचा आवाज यावा, कुणीतरी धावावे, कुणीतरी पडावे आणि मग पडद्यावर चित्रपटाचे नाव यावे. पहिल्या पाच मिनिटांत प्रेत दिसले नाही तर पैसे वाया गेल्यासारखे वाटते. अशा मंडळींपुढे चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटाचे नाव काढले की एकच शब्द ऐकू येतो : रटाळ! सुरुवातीला काही घडतच नाही, कॅमेरा जागचा हलत नाही, हे कसले दिग्दर्शन, असा एकूण सूर असतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. आपल्याकडच्या गुन्हेगारीविषयक चित्रपटांत 'कोर्ट'च्या सुरुवातीइतकी विचारपूर्वक रचलेली आणि प्रेक्षकावर इतकी जबाबदारी टाकणारी सुरुवात क्वचितच असेल.

असे विधान करण्याचा अधिकार मला काय, असे कुणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईवडील पाथर्डी तालुक्यातून दर साल ऊसतोडीला जातात. चित्रपट म्हणजे यात्रेतला तंबू, ही त्यांची ओळख. माझी ओळख वसतिगृहातल्या मोबाइलच्या पडद्यावरची. तंत्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण कोणताही प्रसंग पाहताना चार साधे प्रश्न विचारता येतात. कॅमेरा कोठे उभा आहे? दृश्य किती वेळाने तुटते? कानावर काय येते? आणि काय दाखवलेले नाही? या चार प्रश्नांना पुस्तकी विद्या लागत नाही. शेतात उभ्या असलेल्या माणसालाही ते कळतात, कारण बांधाच्या कोणत्या बाजूला उभे राहून पाहिले यावर भांडण कसे दिसते हे अवलंबून असते.

गुन्हा आणि कायदा यांच्या चित्रपटांशी आपल्या नगरचे नाते जुने आहे. व्ही. शांताराम यांच्या 'माणूस' (१९३९) या प्रभातच्या चित्रपटात गणपत हवालदाराची भूमिका करणारे शाहू मोडक हे नगरचे. 'अर्ध सत्य' (१९८३) मध्ये एकही वार न करता अंगावर काटा आणणारा रामा शेट्टी उभा करणारे सदाशिव अमरापूरकर हेही नगरचेच. एकाने पोलीस रंगवला, दुसऱ्याने पोलिसाला गिळून टाकणारा गुन्हेगार. तेव्हा या विषयावर नगर जिल्ह्यातल्या विद्यार्थिनीने चार शब्द लिहिले तर ते अगदीच अस्थानी ठरू नयेत.

'कोर्ट'कडे वळण्यापूर्वी दोन जुन्या चित्रपटांच्या सुरुवाती आठवून पाहू. तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की फरक आपोआप दिसतो.

पहिला 'दीवार' (१९७५). दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. तस्करीच्या जगावरचा हा चित्रपट कोठे सुरू होतो? गोदीवर नाही, अड्ड्यावर नाही, तर एका सत्कार समारंभात. पोलीस अधिकारी असलेल्या रवीचा शौर्याबद्दल गौरव होतो आणि तो त्या सन्मानाचे श्रेय आपल्या आईला देतो. आई व्यासपीठावर येते, टाळ्या वाजतात, आणि त्या आईच्या मनातून कथा मागे जाते. दिग्दर्शकाने येथे एक मोठी गोष्ट गुपचूप उरकली आहे. कथा सुरू होण्यापूर्वीच कायदा जिंकला आहे हे त्याने सांगून टाकले. पुढे विजयने कितीही टाळ्या घेतल्या, आपण त्याच्यावर कितीही जीव लावला, तरी निकाल आधीच जाहीर झालेला आहे. आपल्याला बसवले आहे ते त्या सभागृहात, टाळ्या वाजवणाऱ्यांत. या सुरुवातीची ताकद मी नाकारत नाही. आईचा चेहरा पाहिल्यावर पुढच्या प्रत्येक प्रसंगावर त्या चेहऱ्याची सावली पडते. पण प्रेक्षकाला ठरवायला काही शिल्लक ठेवलेले नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा 'आक्रोश' (१९८०). पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानी यांचे. त्याआधी श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर', 'निशांत' वगैरे चित्रपटांचे छायाचित्रण केलेल्या निहलानींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट, आणि कॅमेराही त्यांनी स्वतःच सांभाळला. सुरुवात स्मशानात होते. चिता आहे, पोलीस आहेत आणि हातात बेड्या असलेला लहान्या भिकू हा आदिवासी. मेली आहे ती त्याचीच बायको, आणि तिच्या खुनाचा आरोपी म्हणून ज्याला धरले आहे तोही तोच. अग्नी द्यायला त्याला आणले आहे. ओम पुरींचा तो चेहरा ज्याने पाहिला तो विसरणार नाही. तोंडातून शब्द नाही. रडणे नाही. ज्वाळा, आणि मिटलेल्या ओठांचा एक माणूस.

येथे निकाल आधी सांगितलेला नाही. शिक्षा आधी दाखवली आहे. बेड्या प्रथम, गुन्हा मागाहून. खरे काय घडले ते कळायला आपल्याला चित्रपटभर थांबावे लागते, आणि त्या काळात त्याचा तरुण वकील भास्कर कुलकर्णी जितका अंधारात असतो तितकेच आपणही असतो. भिकू वकिलाशी बोलत नाही, तसाच आपल्याशीही बोलत नाही. शेवटी पुन्हा चिता येते, यावेळी बापाची. पुन्हा बेड्या येतात, आणि पहिल्या प्रसंगात गिळलेली किंकाळी तेथे बाहेर पडते. पहिला प्रसंग म्हणजे कर्ज आणि शेवटचा म्हणजे त्याची फेड, अशी ही रचना आहे. कॅमेऱ्याने आपल्याला भिकूच्या इतके जवळ नेले आहे की चितेची धग आपल्याही चेहऱ्याला लागावी.

आता तिसरा, 'कोर्ट'. सप्टेंबर २०१४ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि तेथे पुरस्कार मिळवून आला. २०१४ च्या उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले, एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. पारितोषिके मिळाली म्हणून चित्रपट चांगला असे मी म्हणणार नाही. त्याची सुरुवात पाहू.

नारायण कांबळे नावाचा एक उतारवयाचा माणूस घरात मुलांची शिकवणी घेतो आहे. शिकवणी आटोपून तो निघतो. बसने जातो. एका वस्तीतल्या कार्यक्रमाच्या मंचावर चढतो आणि आपल्या साथीदारांसह गाणे म्हणतो. तो लोकशाहीर आहे हे आपल्याला तेव्हा कळते. त्याच कार्यक्रमातून पोलीस त्याला घेऊन जातात. झाले. हीच ती 'रटाळ' सुरुवात.

माझे चार प्रश्न आता विचारते. कॅमेरा कोठे उभा आहे? लांब. मंचासमोर, माणसांच्या मागे. जलसा ऐकायला उशिरा आलेला माणूस मागच्या बाजूला जेथे उभा राहील तेथे. तो कांबळेच्या डोळ्यांत शिरत नाही, घामाचा थेंब दाखवत नाही. मृणाल देसाई यांनी हा कॅमेरा जणू जमिनीत रोवला आहे. दृश्य किती वेळाने तुटते? उशिरा, फार उशिरा. गाणे चालू राहते, आपण उभे राहतो. अशा वेळी नजर आपोआप भटकू लागते. गाणाऱ्याकडून साथीदारांकडे, साथीदारांकडून समोरच्या गर्दीकडे, गर्दीतल्या पोरांकडे. दिग्दर्शकाने बोट धरून 'हे बघ' म्हटलेले नाही. काय बघायचे ते आपण निवडतो. आणि जे आपण स्वतः निवडून पाहिले ते लक्षात राहते. कानावर काय येते? फक्त तेथे जे वाजते आहे ते. संभाजी भगत यांची शाहिरी आणि तिची वाद्ये. आता संकट येणार असे सांगणारे पार्श्वसंगीत नाही. म्हणून पोलीस येतात तेव्हा ते गल्लीत येतात तसे येतात. कुणी किंचाळत नाही, कुणी धावत नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काय दाखवलेले नाही? ज्यासाठी हा माणूस पकडला जातो तो गुन्हाच दाखवलेला नाही! पुढे न्यायालयात आरोप कळतो. वासुदेव पवार नावाचा एक सफाई कामगार गटारात मरण पावला; काही दिवसांपूर्वी कांबळेने त्याच्या वस्तीत म्हटलेल्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असे पोलिसांचे म्हणणे. ते गाणे आपण पडद्यावर कधीही पाहत नाही. 'दीवार'मध्ये निकाल आधी होता. 'आक्रोश'मध्ये शिक्षा आधी आणि गुन्हा उशिरा. 'कोर्ट'मध्ये अटक आधी, आणि गुन्हा शेवटपर्यंत नाहीच. मग आपण पाहिले तरी काय? आपण एक माणूस पाहिला. तो मुलांना शिकवतो, बसमध्ये बसतो, गातो. आपण गुन्ह्याचे साक्षीदार नाही. त्या माणसाचे साक्षीदार आहोत.

या एका फरकाने पुढचा सारा चित्रपट बदलतो. न्यायालयात त्याच नारायण कांबळेचे वर्णन सुरू होते, आणि ऐकता ऐकता आपण मनातल्या मनात म्हणू लागतो, अहो, पण मी याला पाहिला आहे! सरकारी वकीलबाई कलमे एका सुरात वाचत जातात. पोलिसांनी आणलेला पंच हा इतर खटल्यांतही पंच म्हणून उभा राहिलेला ठरावीक माणूस आहे हे उघड होते. सर्व कागद जागच्या जागी आहेत. फक्त त्या सकाळी शिकवणीला बसलेला माणूस कोणत्याच कागदावर नाही. आपल्याला मात्र कुणी साक्षीला बोलावत नाही. पाहिलेले सांगता येत नाही याची जी अस्वस्थता 'कोर्ट' पाहताना येते, ती त्या पहिल्या रटाळ प्रसंगाची कमाई आहे. तो प्रसंग छाटून दोन मिनिटांचा केला असता, कांबळेच्या डोळ्यांचे चार क्लोज-अप टाकले असते, तर त्याच्याबद्दल दया वाटली असती. साक्षीदार होण्याची जबाबदारी आली नसती.

हे तंत्र केवळ सुरुवातीपुरते नाही. पहिल्या प्रसंगात कॅमेरा एका माणसाबरोबर घरापासून कामाच्या जागेपर्यंत गेला. पुढे तो हीच रीत सर्वांना लावतो. बचावाचे वकील विनय व्होरा मोठ्या दुकानात खरेदी करतात ते दिसते. सरकारी वकील नूतन लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. शेवटी न्यायाधीश सुट्टीवर सहलीला जातात तेथेही कॅमेरा पोहोचतो. आरोपीला जो न्याय, तोच वकिलाला आणि तोच न्यायाधीशाला! न्यायालयात सर्वांना एकाच मापाने मोजतात असे आपण ऐकतो. या चित्रपटात निदान कॅमेऱ्याने तरी तसे केले आहे. म्हणून त्याच्या न हलण्याला मी तंत्राचा अभाव म्हणत नाही, निःपक्षपातीपणा म्हणते.

वासुदेव पवारच्या विधवेची साक्षही याच रीतीने चित्रित झाली आहे. गटारात उतरण्यापूर्वी झुरळे बाहेर येतात का ते तो बघे, म्हणजे आत हवा आहे की नाही ते कळे. वास सहन व्हावा म्हणून दारू घेऊन उतरे. त्याचा एक डोळा गेलेला होता. सुरक्षेचे साहित्य कसले नव्हतेच. आत्महत्येचे तो कधी बोलला नव्हता. हे सारे ती बाई सपाट आवाजात, विचारले तेवढेच सांगते. कॅमेरा तिच्या डोळ्यांतले पाणी शोधायला पुढे धावत नाही. मग खरा गुन्हा कोणता, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर देण्याचे काम आपल्यावर पडते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. लांब उभा राहणारा कॅमेरा थंड असतो. माणूस मरतो आहे आणि तुम्ही लांबून बघता, ही कसली माणुसकी? 'आक्रोश'चा कॅमेरा भिकूच्या जवळ जातो, त्याच्या दुःखात शिरतो, हेच खरे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. भिकू बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्याजवळ जाणे भागच होते. तेथे लांब राहिलो असतो तर तो पाठमोरा कैदी एवढाच उरला असता. नारायण कांबळेचे तसे नाही. तो शाहीर आहे, त्याला आवाज आहे. त्याला आपल्या कणवेची गरज नाही. त्याने जे म्हटले ते आपण नीट ऐकावे, एवढीच त्याची मागणी आहे. त्या भूमिकेतले वीरा साथीदार हे मुळात नट नव्हतेच. नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक. २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. मंचावरचा त्यांचा वावर पाहा. अभिनयाचा आवेश नाही, सवयीचा सहजपणा आहे. अशा माणसाला लांबून पाहणे म्हणजे त्याला त्याची पुरी जागा देणे होय. तेव्हा जवळ की लांब हा वाद व्यर्थ आहे. कोणाकडे पाहतो आहोत आणि कशासाठी, यावर कॅमेऱ्याची जागा ठरते.

इतका वेळ चित्रपटांविषयी लिहिले. पण हा विषय मला केवळ चित्रपटांचा वाटत नाही. ज्या २०१४ साली 'कोर्ट' व्हेनिसला दाखवला गेला, त्याच वर्षी २८ एप्रिलला आपल्या जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. महाराष्ट्रभर निषेध झाला. खटला उभा राहिला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. तो मुलगा, मी आज आहे त्या वयापर्यंतही पोहोचला नाही. निकालपत्रावर भाष्य करणे हे माझे काम नाही. न्यायालयापुढे जेवढे येते तेवढ्यावरच न्यायालय बोलणार. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. पाहणारे डोळे न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचता पोहोचता काही न पाहिलेले कसे होतात?

याचे उत्तर खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आमच्या गावात एकदा पाण्याच्या पाळीवरून भर दुपारी पारापाशी एका माणसाला मारहाण झाली. पारावर पंधरावीस माणसे होती. पोलीस आले तेव्हा कुणी रानात होते, कुणी तालुक्याला गेले होते, कुणाच्या घरी पाहुणे आले होते. आमच्या आईनेही मला दटावले, 'तू शाळेत होतीस, ध्यानात ठेव.' शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याला पाळण्यातच ऐकवतात. मी आईला दोष देत नाही. ज्याला उद्या त्याच विहिरीवर पाणी मागायचे आहे आणि त्याच मुकादमाकडून उचल घ्यायची आहे, त्याला साक्ष परवडत नाही. पण अशा शहाण्यांच्या गावात जो मार खातो त्याने जायचे कोठे?

म्हणून 'कोर्ट'चा पहिला प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. धावपळीच्या सुरुवाती आपल्याला थरार देतात आणि पाहण्याच्या कामातून सोडवतात. कुठे पाहायचे, कुणाला भ्यायचे, कुणावर चिडायचे हे त्या ठरवून देतात. आपण डोळे उघडे ठेवून बसतो, पण पाहत नाही. एका जागी उभे राहून, कंटाळा आला तरी मान न वळवता, घडते ते शेवटपर्यंत पाहणे, ही सवय कुणीतरी लावावी लागते. 'कोर्ट' ती पहिल्या प्रसंगापासून लावतो. साक्षीदाराला दुसरे काय करायचे असते? त्याने जे पाहिले ते पाहिले, एवढेच म्हणायचे असते. आणि तेवढेच म्हणणे आपल्याकडे सर्वांत अवघड होऊन बसले आहे.

चित्रपट पाहून साक्षीदार निर्माण होतात, असा माझा भाबडा समज नाही. विहीर मुकादमाचीच राहते, उचलही त्याचीच. तरीही आपण कॉलेजात शिकणारे विद्यार्थी, आपल्यातले बरेचसे माझ्यासारखे घरातले पहिलेच, काहीतरी निराळे पाहायला शिकायला आलो आहोत. आपल्या वाङ्मय मंडळाने कवितांच्या रसग्रहणाबरोबर वर्षातून दोनतीन चित्रपटही दाखवावेत, आणि नुसते दाखवू नयेत तर प्रत्येकाचा पहिला प्रसंग पुन्हा लावून त्यावर चर्चा घ्यावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. कॅमेरा कोठे उभा होता, हा प्रश्न तेथे विचारला जावा. तो एकदा विचारायची सवय झाली की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मी कोठे उभी होते, आणि मी काय पाहिले?